भ्रूणनिवडीतील टाइम-लॅप्स चित्रण : एक चिकित्सा

बीजशब्द : भ्रूणनिवड, टाइम-लॅप्स चित्रण, वंध्यत्वोपचार, पुरावा

प्रस्तावना :
६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्या काळी प्रयोगशाळेत भ्रूण तयार होणे हीच मुख्य अडचण होती. आज एका उपचारचक्रात अनेक भ्रूण मिळू शकतात व त्यांतील कोणता प्रथम गर्भाशयात सोडावा, हा प्रश्न निर्माण झाला आहे. टाइम-लॅप्स चित्रण हे त्याचे उत्तर म्हणून पुढे केले जाते. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
रूढ पद्धतीत भ्रूणतज्ज्ञ ठरावीक वेळी भ्रूण इनक्युबेटरबाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो आणि पेशींची संख्या, आकार व सारखेपणा यांवरून श्रेणी देतो. टाइम-लॅप्स यंत्रात कॅमेरा इनक्युबेटरमध्येच असतो. दर काही मिनिटांनी छायाचित्र घेतले जाते व पाच-सहा दिवसांच्या वाढीचा सलग चित्रपट तयार होतो. कोणता भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत पोहोचेल, याचा अंदाज पहिल्या विभाजनांच्या कालावधीवरून बांधता येतो, असे स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. तथापि ब्लास्टोसिस्ट होणे म्हणजे अपत्यजन्म नव्हे. चित्रात वाढीचा वेग व बाह्यरूप दिसते. गुणसूत्रे दिसत नाहीत.

येथे दोन दावे एकमेकांत मिसळले गेले आहेत. भ्रूण बाहेर काढावा लागत नाही, हा एक. आणि चित्रामुळे निवड अधिक अचूक होते, हा दुसरा. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टिल्ट' चाचणीने हे दोन्ही दावे वेगळे करून तपासले. ब्रिटन व हाँगकाँग येथील सात केंद्रांतील १५७५ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. चित्रण व त्यावरून निवड झालेल्या गटात अपत्यजन्माचे प्रमाण ३३.७ टक्के, केवळ न हलवता वाढविलेल्या गटात ३६.६ टक्के, तर रूढ पद्धतीच्या गटात ३३ टक्के होते. हे फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हते. म्हणजे दोन्ही दाव्यांना या चाचणीत आधार मिळाला नाही. चाचणी इतकी काटेकोर असताना जाहिरातींची भाषा फारशी सौम्य होऊ नये, हे खेदजनक आहे.

यामागे एक साधे तर्कशास्त्र आहे. निवडीमुळे कोणताही भ्रूण सुधारत नाही, फक्त क्रम ठरतो. उरलेले भ्रूण गोठवून पुढे वापरता येत असतील, तर अचूक क्रमामुळे फार तर वेळ वाचेल. एकूण यश वाढणार नाही. उलट सक्षम भ्रूण चुकून टाकून दिला गेल्यास ते घटेल. ज्या स्त्रीला वाढत्या वयामुळे एक किंवा दोनच भ्रूण मिळाले, तिच्यासाठी तर निवडीला जागाच नाही. वास्तविक सर्वाधिक आशेने अशा सुविधांचा खर्च सोसणाऱ्यांत याच स्त्रिया असतात.

महाराष्ट्रात चित्र आणि निवड यांचा संबंध नवा नाही. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा या राज्याने १९८८ मध्ये केला. मात्र दोन्ही प्रश्न एकच मानणे अयोग्य ठरेल. सोनोग्राफीचे चित्र खरे सांगत होते व त्याचा दुरुपयोग झाला. येथे चित्राकडून ते सांगू शकत नाही अशा गोष्टीची अपेक्षा केली जाते.

आता हेच चित्रपट संगणकाला वाचावयास दिले जातात. २०२४ मध्येच 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या चाचणीत संगणकाने निवडलेल्या भ्रूणांच्या गटात गर्भधारणेचे प्रमाण ४६.५ टक्के, तर तज्ज्ञांच्या निवडीच्या गटात ४८.२ टक्के आढळले. संगणकाची पद्धत तज्ज्ञांपेक्षा कमी नाही, एवढेही त्यातून सिद्ध झाले नाही. वेळ मात्र पुष्कळ वाचला. तो लाभ प्रयोगशाळेचा आहे, दांपत्याचा नव्हे. शिवाय अपत्यजन्माची माहिती गर्भाशयात सोडलेल्या भ्रूणांचीच उपलब्ध असते. पूर्वी तज्ज्ञाने जे भ्रूण टाकून दिले, त्यांतील कोणाचे मूल झाले असते, हे कोणत्याही चित्रपटात नोंदलेले नाही. संगणकाला शिकविले जाते ते या अपुऱ्या नोंदीवरूनच.