नियम कोणाचे, सही कोणाची?

जॉन आयर्विंग या अमेरिकन कादंबरीकाराची ‘द सायडर हाऊस रूल्स’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९९९ साली लासे हॉलस्ट्रॉम यांनी तिच्यावर चित्रपट काढला व त्याच्या पटकथेबद्दल आयर्विंग यांना ऑस्कर पारितोषिक लाभले. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचा कैवार घेणारी कथा अशी तिची ख्याती आहे. आम्ही तिची शिफारस करतो ती या कैवारासाठी नव्हे. डॉक्टरच्या माथ्यावरचे संकट केवळ तुरुंगाचे नसते, हे ती फार बारकाईने दाखवते म्हणून.

कथा घडते मेन राज्यातील सेंट क्लाउड्स या अनाथालयात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तेथील डॉ. विल्बर लार्च बाळंतपणे करतात आणि कायद्याची मनाई असताना गर्भपातही करतात. लोक पहिल्यास देवाचे काम म्हणतात, दुसऱ्यास सैतानाचे. लार्च यांच्या लेखी दोन्ही देवाचीच. तरुणपणी बॉस्टनमध्ये मदत मागण्यास आलेल्या एका मुलीसमोर ते कचरले होते. ती चोरट्या ठिकाणी गेली आणि प्राणास मुकली. त्या मृत्यूचे ओझे त्यांनी जन्मभर वाहिले. अनाथालयातच वाढलेला होमर वेल्स त्यांच्या हाताखाली सारी विद्या शिकतो, परंतु गर्भपात करण्यास नकार देतो. गर्भ हा जीव आहे, असे त्याचे मन त्याला सांगते. इतरांचा न्याय मात्र तो करीत नाही.

या गुरुशिष्यांतील वाद हा कादंबरीचा गाभा होय. लार्च यांचा युक्तिवाद धारदार आहे. गर्भपात कायदेशीर असता, तर होमरला खुशाल नकार देता आला असता, कारण बाईला दुसरे दार उघडे राहिले असते; दारच नसताना नकार देण्याचा अधिकार त्याला कोठून आला? होमरपाशी याला चोख उत्तर नाही, तरीही लेखकाने त्याला हास्यास्पद केलेले नाही. आपल्या मताविरुद्धच्या पात्राला एवढा मान देणे हे थोड्याच प्रचारकी लेखकांना साधते.

तथापि शेवटी लेखक पारडे झुकवतो. सफरचंदांच्या बागेत मजुरीस आलेली रोझ रोझ ही मुलगी स्वतःच्या बापापासून गरोदर राहते, आणि होमर आपला निश्चय मोडतो. वाचकास दुसरा मार्ग दिसूच नये, अशी ही योजना आहे. लार्च यांनी एका मृत अनाथ मुलाच्या नावे खोटी प्रमाणपत्रे रचलेली असतात. तेच नाव धारण करून होमर डॉक्टर म्हणून परततो. येथे आमचा आक्षेप आहे. ज्याची सही खोटी, त्याच्या हातून चूक झाली तर जाब कोणी कोणास विचारावा? लार्च स्वतः ईथरच्या आहारी गेलेले असतात आणि अखेर त्यानेच मरतात. त्यांना अडवणारा एकही सहकारी नाही. लेखक याकडे करुणेने पाहतो. आम्हांस त्यात धोका दिसतो.

आपल्याकडील डॉक्टरची स्थिती निराळी आहे, सोपी नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते; वीस ते चोवीस आठवड्यांसाठी विशिष्ट स्त्रियांच्या बाबतीत दोघांचे लागते; त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. सद्भावनेने वागणाऱ्या डॉक्टरला संरक्षण आहे. पण होमरसारख्या नोंदणी नसलेल्या माणसाला दोन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे.

रोझ रोझसारखी अठरा वर्षांखालील मुलगी आज महाराष्ट्रातील दवाखान्यात आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळवलेच पाहिजे. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती हवी, आणि येथे तर पालकच गुन्हेगार! पोलिसांच्या भीतीने मुलगी आलीच नाही, तर ती भोंदूच्या हाती पडणार. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी ओळखली आणि मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिचे नाव कळवण्याचे बंधन डॉक्टरवर नाही, असे सांगितले. बापच पालक असेल तेथे ही सवलतही अपुरी पडते.

लार्च यांच्या खोट्या कागदांशेजारी आम्हांस मुंबईतील २००८ सालचे एक प्रकरण ठेवावेसे वाटते. गर्भाच्या हृदयात दोष आढळला तेव्हा वीस आठवड्यांची तत्कालीन मर्यादा उलटली होती. डॉ. निखिल दातार दांपत्यासह उघडपणे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यांच्या मागणीशी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे मत जुळणार नाही. आमचेही जुळत नाही. परंतु आठवड्यांचा आकडा गुपचूप बदलण्याऐवजी त्यांनी आपल्या खऱ्या नावाने प्रश्न चव्हाट्यावर मांडला, हे नैतिकदृष्ट्या लार्च यांच्या मार्गाहून श्रेष्ठ होय.

आणि नकार देणाऱ्याचे काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम विते’ या विश्वपत्रात डॉक्टर व परिचारिकांचा सदसद्विवेकाने नकार देण्याचा अधिकार ठामपणे मांडला. लार्च यांचाच तर्क लावला, तर कायद्याने दुसरे दार उघडलेल्या आपल्या देशात होमरचा नकार पूर्णपणे न्याय्य ठरतो. गर्भपाताच्या या कैवाऱ्याने नकार देणाऱ्यांच्याच हाती एवढे बळ द्यावे, हे आम्हांस कादंबरीतील सर्वांत अनपेक्षित देणे वाटते. मात्र नकार देऊन पाठ फिरवणे पुरेसे नाही. त्या मुलीला आसरा, वकील व आधार मिळवून देणे हे नकाराचेच उर्वरित काम आहे, आणि ते एकट्या डॉक्टरचे नव्हे, धर्मग्रामाचेही आहे.

कादंबरीच्या नावातील नियम मजुरांच्या खोपटात भिंतीवर टांगलेले असतात. मजुरांना ते वाचता येत नाहीत. लिहिणाऱ्याने कधी तेथे मुक्काम केलेला नसतो. घरात डॉक्टर वा परिचारिका असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ही कादंबरी वाचावी, आणि मग आपल्या माणसाशी बोलावे.