निष्ठेची भाषा आणि संस्थेचे उत्तरदायित्व

क्रीडाक्षेत्रातील लैंगिक अत्याचारांची चर्चा सामान्यतः नीतीच्या किंवा कायद्याच्या अंगाने होते. तीत भाषेला फारसे स्थान मिळत नाही. परंतु दुष्कृत्य पुष्कळदा प्रथम शब्दांतच दडपले जाते, आणि शब्द सौम्य करण्याची प्रेरणा भीतीइतकीच आदरातूनही येते, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण घेतले आहे. कारण त्यातील साक्षी व पत्रव्यवहार आज उपलब्ध आहेत.

फेब्रुवारी २००१ मध्ये फुटबॉल संघाचा निवृत्त साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की याला विद्यापीठाच्या स्नानगृहात एका मुलाशी लैंगिक कृत्य करताना आपण पाहिले, अशी साक्ष माइक मॅकक्वीरी या कनिष्ठ साहाय्यकाने पुढे दिली. दुसऱ्याच दिवशी तो १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक असलेल्या जो पॅटर्नो यांच्याकडे गेला. मात्र त्यांच्याविषयीच्या आदरामुळे स्पष्ट शब्द त्याने टाळले. पॅटर्नो यांच्या साक्षीत ते ‘लैंगिक स्वरूपाचे काहीतरी’ झाले. अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांच्या सांगण्यानुसार त्यांच्या कानावर आली ती केवळ ‘दंगामस्ती’. आपण कृत्याचे लैंगिक स्वरूप वरिष्ठांना स्पष्ट केले होते, यावर मॅकक्वीरी ठाम राहिला. खरे कोणाचे मानावे हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, अधिकाराच्या प्रत्येक पायरीवर शब्दाचा अर्थ क्षीण होत गेला, हे उघड आहे. बाहेर कळविण्यापूर्वी सँडस्कीशी बोलावे, हा मार्ग स्पॅनियर यांनी पत्रात माणुसकीचा ठरविला. ती माणुसकी कोणाविषयीची? त्या विशेषणाच्या कक्षेत मूल नव्हतेच. पोलिसांना कळविले गेले नाही. २०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांखाली दोषी ठरला. २०१७ मध्ये स्पॅनियर यांच्यासह तीन अधिकारी मुलांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल दोषी ठरले.

चाहत्यांची भाषाही अशीच तपासली पाहिजे. ९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री पॅटर्नो यांना पदावरून दूर केल्यावर हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले आणि वृत्तवाहिनीची गाडी उलथविली गेली. दोन दिवसांनी त्याच आवारात पीडितांसाठी मेणबत्त्या घेऊन हजारो लोक जमले. म्हणून निष्ठा हाच दोष, असे म्हणता येत नाही. निष्ठेचे कर्म कोणते, हा खरा प्रश्न आहे. २०१२ मध्ये क्रीडासंघटनेने संघाचे ११२ विजय रद्द केले व २०१५ मध्ये ते परत दिले. या हिशेबात मुलांपेक्षा विजयांचीच चर्चा अधिक झाली.

आपल्या भाषेत ही सोय कमी नाही. ‘गैरप्रकार घडला’ या वाक्यात ‘घडणे’ हे अकर्मक क्रियापद कर्त्याला सहज नाहीसे करते. ‘प्रकरण’ हा शब्द मुलाच्या वेदनेला कागदपत्रांचे रूप देतो. ‘संस्थेची अब्रू’ या प्रयोगात तर अब्रू पीडिताची न राहता इमारतीची होते. आखाड्यातील वस्तादासमोर किंवा क्रीडाशिक्षकासमोर मान खाली घालणे हा संस्कार खराच. परंतु त्याच संस्कारामुळे मुलाला क्रियापद उच्चारता येत नाही.

या दृष्टीने २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा भाषिकदृष्ट्याही महत्त्वाचा ठरतो. त्याच्या १९ व्या कलमानुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिली पाहिजे. तिची लेखी नोंद करून ती वाचून दाखविली पाहिजे. आणि सांगणारे मूल असेल तर नोंद त्याला समजेल अशा सोप्या भाषेत झाली पाहिजे. म्हणजे शब्द वरिष्ठांच्या पायऱ्या चढण्यापूर्वीच स्थिर होतो. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास २१ व्या कलमाने एक वर्षापर्यंत कारावास आहे. बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेच्या चालकांवर न कळविल्याबद्दलच गुन्हा नोंदविला गेला.

मालेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पदवीचे विद्यार्थी पुष्कळदा एकाच मैदानावर खेळतात. त्यांतील अठरा वर्षांखालील प्रत्येक खेळाडू या कायद्याच्या कक्षेत येतो. तेव्हा ‘हे महाविद्यालय आहे, शाळा नव्हे’ ही सबब टिकणारी नाही. महाविद्यालयांच्या चौकशी-अहवालांची भाषा हा आपल्या विभागाच्या अभ्यासाचा विषय व्हावयास हवा. अहवालात कर्ता कोठे आहे, क्रियापद कोणते आहे आणि मुलाने वापरलेला शब्द शेवटपर्यंत टिकला काय, हे तीन प्रश्न विचारण्यास व्याकरणाचे सामान्य ज्ञान पुरेसे आहे.