दाभोळ बंदराचा इतिहास आणि निकितिनचे प्रवासवृत्त : एक चिकित्सा

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीच्या मुखावर वसलेले दाभोळ हे आज आडवळणाचे गाव आहे. बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असते ते विद्युत प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्पही खाडीपलीकडे, अंजनवेल परिसरात आहे. बहमनी राजवटीतील या प्रमुख बंदराच्या ऱ्हासाची कथा बहुधा १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने केलेल्या जाळपोळीपाशी संपवली जाते. प्रस्तुत लेखकास हे विवेचन अपुरे वाटते.

अफनासी निकितिन हा त्वेर येथील रशियन व्यापारी १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला व धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला आणि अखेर बिदरला विकला गेला. परतताना निकितिन दाभोळहून जहाजावर चढला. मिसर, अरबस्तान, खुरासान येथून दाभोळास घोडे येतात आणि तेथून खुष्कीने महिनाभरात बिदर व गुलबर्गा गाठता येते, अशी नोंद तो करतो. इथल्या घोड्यांना साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, हेही तो टिपून ठेवतो. खर्चाचा हिशेब ज्याच्या डोक्यात आहे, अशा माणसाचेच हे निरीक्षण होय.

या साधनाच्या मर्यादा उघड आहेत. न पाहिलेल्या सिंहल, पेगूविषयी तो ऐकीव माहिती देतो, आणि त्याच्या प्रवासाच्या कालगणनेवर अभ्यासकांचे एकमत नाही. तथापि त्याच्या नोंदीत बंदर व राजधानी ही एकाच मार्गाची दोन टोके म्हणून दिसतात, आणि पोर्तुगीज कागदपत्रांवर विसंबलेल्या लेखनात नेमका हाच मार्ग गळतो. समुद्रावरून पाहणाऱ्यास किनाराच दिसणार! हिंगोलीसारख्या, समुद्रापासून दूर पण एकेकाळी बहमनी मुलखात मोडणाऱ्या जिल्ह्यातील अभ्यासकास ही उणीव अधिक जाणवते.

जाळपोळीने दाभोळ संपले असते, तर दीडशे वर्षांनी, १६५९ च्या सुमारास, तेथे आदिलशाही वळणाची भव्य मशीद उभी राहिली नसती. बंदरामागचा पोशिंदा बिदरऐवजी विजापूर झाला होता, इतकेच. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि दाभोळचा तो आधार तुटला. पुढे व्यापार मुंबईकडे वळत गेला. ती मशीद खाडीकाठी अद्याप उभी आहे.