शोधन की शमन? मंजूर नकाशाचे एक वाचन

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 2017 साली ‘52-क’ हे कलम घालण्यात आले. 31 डिसेंबर 2015 पर्यंत उभे राहिलेले अनधिकृत बांधकाम अटी पूर्ण करत असेल व शुल्क भरले गेले, तर ते ‘प्रशमित संरचना’ म्हणून घोषित करता येते, असा त्याचा आशय. प्रशमन हा शब्द ज्या कोणी योजला, त्याने नकळत खरे बोलून ठेवले आहे. आयुर्वेद शोधन आणि शमन असा भेद करतो. दोष शरीराबाहेर काढणे हे शोधन, जागच्या जागी शांत करणे हे शमन. आपल्या नगररचनेच्या कायद्याला दोन्ही उपचार पूर्वीपासून ठाऊक आहेत. कलम 53 पाडकामाची नोटीस देते, आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात नोटीस मिळालेल्याला ते बांधकाम राखून ठेवण्यासाठी परवानगी मागता येते. म्हणजे आधी बांधा, मग मागा, ही वाट 1966 पासूनच आखलेली आहे. 2017 ने ती रुंद केली, इतकेच.

मंजूर नकाशा हे वचन आहे की दाखला, हा माझ्या मते यातला मूळ प्रश्न. 1963 चा सदनिकांबाबतचा कायदा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, त्याला वचन मानतो. नकाशे एकदा खरेदीदाराला दाखवले की त्याच्या सदनिकेत त्याच्या संमतीशिवाय, आणि इमारतीत सर्व खरेदीदारांच्या संमतीशिवाय, बांधणाऱ्याने फेरफार करायचा नाही, हे कलम 7 चे म्हणणे. ‘सर्व’ हा शब्द मोठा होता. 1986 मध्ये कलम 7-अ आणून, मंजूर आराखड्यातील नव्या इमारतींना ही संमतीची अट कधी लागूच नव्हती, असे पूर्वलक्षी प्रभावाने ठरवले गेले. ‘नव्हतीच’ असे मागे जाऊन म्हणणारी ही क्रियापदे कुणी व्याकरणकाराने तपासायला हवीत. पुढे 2016 च्या ‘रेरा’ने कलम 14 मध्ये दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती पुरेशी मानली. सर्वांवरून दोन तृतीयांशांवर! उरलेल्या एकाचे घर मात्र त्याच इमारतीत असते.

नियम मोडण्याची सर्वांत कसबी पद्धत नियमाच्या आतच राहण्याची असते. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत ‘फ्लॉवर बेड’ चटई क्षेत्राच्या हिशेबाबाहेर होते. त्यामुळे नकाशावर फुलझाडे आणि ताबा मिळाल्यावर कठडा तोडून वाढवलेली खोली, हा रिवाजच पडला. फुलझाडे नकाशातच उमलत. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलला. सज्जे, फ्लॉवर बेड व पोकळ जागा हिशेबात आल्या आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के जादा ‘फंजिबल’ निर्देशांक अधिमूल्य घेऊन देण्यात आला. चोरवाट बंद झाली आणि तिच्या जागी टोलनाका आला.

शोधनाची उदाहरणे थोडी, म्हणून ठळक. दक्षिण मुंबईतल्या ‘प्रतिभा’ या 36 मजली इमारतीचे वरचे आठ मजले पाडण्याचा महापालिकेचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये कायम केला. वरचे मजले न पाडता इमारतीचा एक भाग उभा कापून काढावा, असा पर्याय सोसायटीने सुचवला होता. न्यायालयाने तो मानला नाही. इमारत पुढे कित्येक वर्षे ओसाड उभी राहिली. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाचव्या मजल्यावरचे मजले बेकायदा ठरले. तिथल्या दोन इमारती 20 आणि 17 मजल्यांच्या होत्या. निकाल 27 फेब्रुवारी 2013 चा. 13 नोव्हेंबरला न्यायालयानेच पाडकाम 31 मे 2014 पर्यंत थांबवले आणि त्या जूनमध्ये रहिवाशांचे पाणी, वीज, गॅस तोडले गेले. ही घरे 1980 च्या दशकात विकली गेली होती. भोगवटा प्रमाणपत्राविना लोक तिथे संसार करत राहिले. शिक्षा त्यांना झाली. बांधणारा तोवर त्या गोष्टीत पात्र म्हणूनही उरला नव्हता. रहिवाशांविषयीची करुणा मला मान्य आहे. पण तिच्या आडून प्रशमनाचा युक्तिवाद आणला जातो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या माणसाचा विसर पडतो.

तो माणूस घाटकोपरच्या ‘साई सिद्धी’त राहत होता. 25 जुलै 2017 रोजी ती चार मजली इमारत कोसळली, 17 जण गेले. तळमजल्यावर, जिथे पूर्वी शुश्रूषागृह होते, तिथे चाललेल्या अंतर्गत फेरबदलांवर ठपका ठेवला गेला. आपल्याच जागेत काम करायला कुणाला विचारायचे, ही भावना मराठी घरांत खोल रुजलेली आहे. पण बहुमजली इमारतीत खांब ‘आपला’ नसतो. तो वरच्या सर्वांचा असतो.

आमच्या कर्जत तालुक्यातली कोंडाण्याची लेणी या संदर्भात आठवतात. राजमाचीच्या पायथ्याशी, कातळातल्या त्या विहाराचे छत लाकडी तुळयांसारखे कोरले आहे. दगडाला तुळयांची गरज नसताना कोरणाऱ्याने लाकडाचा नकाशा इमानाने पाळला. आपण कण्हाचा शिष्य बालक, हे काम आपले, असे तिथे ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलेले आहे. (याच गावच्या धरणाचा खर्च सुमारे 80 कोटींवरून 614 कोटींवर गेल्याचे प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागापर्यंत पोचले. तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

नेरळपासून खोपोलीपर्यंत आज दुसऱ्या घरांच्या इमारती उभ्या राहत आहेत. मुंबईकर येतो, नमुना सदनिका पाहतो, डोंगर दिसतो का ते विचारतो. महारेराच्या संकेतस्थळावर त्याच प्रकल्पाचा मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र पाहता येते. प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांपुरते आहे, जिना किती रुंद दाखवला आहे, वाहनतळाच्या जागी उद्या गाळे निघू शकतील का, हे तिथे अर्ध्या तासात वाचता येते. त्यासाठी स्थापत्याची पदवी लागत नाही. माझ्याकडेही नाही.