पायरीवरचा ज्यो

चार्ल्स डिकन्सचे नाव निघाले की आपल्याकडील वाचकाला बहुधा प्रथम आठवतो तो कंजूष स्क्रूज. १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या छोट्या कथेच्या सहा हजार प्रती नाताळापूर्वीच संपल्या, आणि सणाच्या दिवसांत वाचावयाचे पुस्तक म्हणून तिची जी ख्याती झाली ती आजही ओसरलेली नाही. एका रात्रीत भुतेखेते येतात, कंजुषाचे मन पालटते, गरीब कारकुनाच्या घरी भला मोठा टर्की पोहोचतो आणि वाचक डोळे पुसून पुस्तक मिटतो. सणासुदीला असे रडूही गोड लागते. परंतु तोंडी श्रद्धा आणि गरिबांविषयीची आस्था यांत केवढे अंतर पडू शकते, याचा खरा शोध डिकन्सने घेतला तो ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीत. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात ती मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली.

दोन पुस्तकांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. स्क्रूज कठोर आहे, पण ढोंगी नाही. दारी आलेल्या वर्गणीवाल्यांना तो सरळ विचारतो, तुरुंग आणि वर्कहाउस बंद पडली काय? हा प्रश्न त्या काळच्या कायद्याचाच होता. १८३४ च्या कायद्याने गरिबाला मदत हवी असेल तर ‘वर्कहाउस’मध्ये जावे असे ठरविले होते, आणि तेथे नवरा, बायको व मुले यांची ताटातूट होत असे. स्क्रूजला आपल्या अंतःकरणात काही कमी आहे हे एका रात्रीत पटवून देता येते. पण ज्यांना आपले अंतःकरण आधीच द्रवलेले आहे अशी खात्री वाटते, त्यांचे काय करावे? ‘ब्लीक हाउस’ हे अशा माणसांचे पुस्तक आहे.

त्यातल्या मिसेस पार्डिगल पाहा. त्यांना पाच मुलगे. थोरला बारा वर्षांचा. त्याच्या खाऊचे पैसे दूरच्या कुठल्याशा आदिवासींसाठी ‘स्वखुशीने’ दिले गेले आहेत, आणि म्हणून ते सारे भाऊ रागाने धुमसत असतात. ही बाई एका वीटभट्टीवाल्याच्या झोपडीत शिरते व मोठ्या आवाजात धर्मग्रंथ वाचू लागते. मागल्या खेपेस दिलेली पुस्तिका वाचली का, असा तिचा प्रश्न. त्या घरात कोणालाच वाचता येत नाही. विस्तवापाशी एक आई मूल मांडीवर घेऊन बसली आहे. बाई वाचन उरकून पुढच्या झोपडीकडे निघून जाते, आणि मग तिच्याबरोबर आलेल्या दोन मुलींना कळते की ते मूल शेवटचा श्वास घेत आहे. एवढ्या जवळ जाऊन जिला मूल दिसले नाही, तिच्या श्रद्धेविषयी आणखी काही सांगावयाचे उरत नाही.

दुसरा चॅडबँड. तेलकट देहाचा हा प्रवचनकार यजमानाच्या घरी यथेच्छ खातो आणि ज्यो नावाच्या पोराला समोर उभा करून त्याला उपदेश करतो. ज्यो रस्ते झाडून पोट भरणारा, आईबापांचा पत्ता नसलेला. तो मोठमोठ्याने जांभया देतो. पुढे एकदा असेच प्रवचन झाल्यावर त्या घरची मोलकरीण गस्टर आपल्या वाट्याचा पावाचा तुकडा आणि चीज त्याला देते, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवते. ही गस्टर वर्कहाउसमध्ये वाढलेली, टूटिंग येथील एका ठेकेदाराकडे ठेवली गेलेली. टूटिंग हे नाव वाचकांना तेव्हा ठाऊक होते. तेथील अशाच एका संस्थेत १८४९ च्या आरंभी पटकीने शंभरावर मुले दगावली होती, आणि डिकन्सने त्यावर वृत्तपत्रात कडक लेखन केले होते. एका घरात दोघांनी ज्योला काहीतरी दिले. धर्मोपदेशकाने शब्द दिले, आणि फेफरे येणाऱ्या मोलकरणीने आपले जेवण.

मात्र साऱ्या कादंबरीतले मला सर्वांत जिव्हारी लागणारे चित्र अगदी लहान आहे. ज्यो सकाळी आपला मळका पाव खायला एका भव्य इमारतीच्या पायरीवर बसतो. परदेशांत शुभवर्तमानाचा प्रसार करणाऱ्या संस्थेची ती इमारत. खाऊन झाल्यावर, बसू दिल्याच्या उपकारापोटी, तो ती पायरी झाडून देतो. ही इमारत कशासाठी आहे याचे त्याला नवल वाटते. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे जे वर्णन आहे, त्यात प्रार्थना किती केल्या याची विचारपूस नाही. भुकेल्याला जेवू घातले की नाही, उघड्याला वस्त्र दिले की नाही, याची आहे. ज्यांचा प्रभू भुकेल्याच्या रूपाने येतो असे त्यांचाच ग्रंथ सांगतो, त्यांच्या पायरीवर तो बसून गेला.

डिकन्सवर दोन आक्षेप घेतले पाहिजेत. पहिला असा की, त्याचे चित्र एकांगी आहे. खाणींत बायका व दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली राबविण्यास बंदी करणारा १८४२ चा कायदा ज्यांनी घडवून आणला, ते लॉर्ड ॲश्ली, म्हणजे पुढचे शाफ्ट्सबरी, कट्टर श्रद्धाळूच होते. श्रद्धेने हात बांधले जातात असे नाही. श्रद्धा हीच कृती आहे असे वाटू लागले म्हणजे ते बांधले जातात.

दुसरा आक्षेप आपल्याला अधिक जवळचा आहे. आफ्रिकेच्या काळजीत स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या मिसेस जेलिबींची डिकन्स मनसोक्त टर उडवितो. पण त्या थट्टेत दूरचा माणूस हा जणू माणूसच नव्हे, असाही एक सूर लागतो. हा सूर पुढे भेसूर झाला. १८५७ च्या उठावानंतर एका खासगी पत्रात याच लेखकाने हिंदी लोकांच्या संहाराची भाषा केली. ते पत्र ज्या अँजेला बर्डेट-कूट्स यांना लिहिले, त्यांच्याच साह्याने त्याने १८४७ मध्ये निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये आश्रयगृह उघडले होते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे खपला होता. ज्योसाठी रडणारा आणि पदरमोड करणारा माणूसही आपल्या करुणेला कुंपण घालू शकतो, हे विसरून चालणार नाही.

तरीही पुस्तक लेखकाहून मोठे ठरते. ज्यो मरताना एक डॉक्टर त्याच्याकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेतो आणि ती अर्ध्यावर राहते. ही प्रार्थना ज्योला ऐकू येते, कारण तो डॉक्टर आधी त्याच्यासाठी खाणे, औषध आणि निवारा शोधत हिंडलेला आहे. पार्डिगलबाईंचा ग्रंथ आणि डॉक्टरची प्रार्थना यांत शब्दांचा भेद नाही. भेद आहे तो आधी काय केले याचा. सणाला दिवे लावून, पाने वाढून झाल्यावर ज्यांना स्क्रूज पुन्हा वाचावासा वाटेल त्यांनी जरूर वाचावा. पण त्याच्या शेजारी हे जाडजूड पुस्तकही असू द्यावे. कारण स्क्रूज वाचताना आपण तो नाही याचे समाधान मिळते, आणि पार्डिगलबाई भेटल्या की ते समाधान टिकत नाही.