दीड हजार डमरू आणि एक झांज

श्रावणातील सोमवारी उज्जयिनीस महाकालेश्वराची पालखी क्षिप्रेवरील रामघाटाकडे निघते. त्या सवारीच्या वाद्यांविषयी टीका लिहावयाची म्हणजे भाविकांचा रोष ओढवून घ्यावयाचा. तथापि ज्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी केला, तेथील नादाविषयी दोन शब्द बोलण्याचा आपल्या वाचकांस थोडा अधिकार पोहोचतो, असे मी मानतो.

५ ऑगस्ट २०२४ हा उत्तरेकडील श्रावणाचा तिसरा आणि आपल्या श्रावणाचा पहिला सोमवार. त्या दिवशी शक्तिपथावर दीड हजार वादकांनी एकत्र डमरू वाजविले व गिनीज बुकात नोंद झाली. पूर्वीचा विक्रम ४८८ डमरूंचा होता, तोही न्यूयॉर्कमधील भारतीयांच्या एका महासंघाचा! नाद भव्य होता, छातीत घुमत होता. परंतु पहिल्या काही क्षणांनंतर कानास नवे काही लाभेना. डमरू हे मुळातच थोडक्या बोलांचे वाद्य. मनगट फिरते आणि दोरीच्या गाठी दोन्ही तोंडांवर आपटतात, एवढेच. त्याचे सामर्थ्य संगतीत आहे. तोच आघात दीड हजार हातांनी केला तर आवाज वाढतो, संगीत वाढत नाही. पुराव्याच्या कायद्यातही कोणतीही गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुकच संख्या लागत नाही. (पक्षकारांना हे पटविणे मात्र कठीण जाते.)

त्याच न्यूयॉर्कात पूर्व हार्लेम नावाची पोर्तो रिकोतून आलेल्या कुटुंबांची जुनी वस्ती आहे. पियानोवादक ऑस्कर हर्नांदेझ यांचा ‘स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्रा’ त्या वस्तीचे साल्सा संगीत आज जगभर वाजवितो. त्यांच्या २००४ सालच्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. माणसे अवघी तेरा-चौदा. सर्वांच्या मुळाशी ‘क्लावे’ हे पाच आघातांचे आवर्तन असते. पुष्कळदा ते कोणी वाजवीतही नाही, प्रत्येक जण मनात धरून असतो. त्याभोवती कोंगा एक बोलतो, बोंगो दुसरे, टिंबाले तिसरे. ट्रंपेट मध्येच उसळतात आणि वेळेवर गप्प बसतात. वस्तीचा वारसा जपणे म्हणजे काय, हे त्या गप्प बसण्यात मला अधिक कळले.

हे उज्जयिनीस अपरिचित आहे असे नव्हे. त्याच सायंकाळी, बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिरापाशी सवारी आली तेव्हा एका मोहल्ल्याची पंधरा-वीस जणांची भजनी मंडळी पुढे चालली होती. ढोलक ठेका धरी, झांज किंचित मागे रेंगाळे, आणि डमरू केवळ ध्रुपदाच्या तोंडाशी येई. त्याचे ते येणे अंगावर काटा आणणारे होते. सकाळच्या विक्रमातला एक मुलगा आपला डमरू घेऊन त्यांत शिरला. त्याला वाजविता येत होते, थांबता येत नव्हते. झांजवाल्या म्हाताऱ्याने न रागावता झांज उंच धरली, त्याच्याकडे पाहिले आणि मिटली. तिसऱ्या खेपेस मुलगा बरोबर थांबला.