जव कमी झाले, म्हणून पाऊस कमी झाला?

म. के. ढवळीकरांचं ‘महाराष्ट्राची कुळकथा’ आम्हा काष्टीकरांना शेजारच्या गावाची गोष्ट वाटते. घोड नदी ओलांडली की शिरूर तालुक्यातलं इनामगाव फार लांब नाही. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, आणि त्यात ढवळीकर स्वतः होते. राजेरजवाडे बाजूला ठेवून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला त्यांनी मराठी वाचकासमोर आणलं, हे या लेखनाचं मोठेपण. माझा आक्षेप त्यातल्या पावसाबद्दल आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. इ.स.पू. १६००च्या सुमारास इनामगावात वस्ती झाली. पुढे जोर्वे काळात चौकोनी घरं, धान्याचं कोठार, नदीच्या पुराचं पाणी वळवणारा पाट आणि बांध आला. जव हे मुख्य पीक होतं. इ.स.पू. १०००नंतर मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात, शेती रोडावते, शिकार आणि जनावरांवरचा भर वाढतो. इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव उठतं. ढवळीकरांचं उत्तर ठाम आहे: हवामान कोरडं झालं.

पण झोपड्या लहान झाल्या, जव कमी झाले, यावरून दुष्काळ ओळखायचा आणि मग त्याच दुष्काळाने झोपड्या लहान झाल्या असं म्हणायचं, यात साक्षीदार आणि आरोपी एकच होतात. पीक हा पावसाचा पुरावा असतो, तसाच माणसाने केलेल्या सोयीचाही. उद्या तीन हजार वर्षांनी कुणी काष्टीच्या शिवारात खणलं, तर उसाचे अवशेष सापडतील. त्यावरून इथे धो धो पाऊस पडायचा, असा निष्कर्ष निघाला तर? श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेतला; ऊस आला तो घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी.

म्हणून पावसाची साक्ष माणसाच्या हाताबाहेरच्या वस्तूकडून घ्यावी लागते. झाडांच्या खोडातली वर्षावलयं, गुहांमधले चुनखडीचे स्तंभ, तलावांच्या तळाचा गाळ. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचा सुमारे दहा मीटर गाळ काढून त्याचा थरावार अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाणी आटून खारटपणा फार वाढला की तळाशी गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक बनतात. थरांचं वय कार्बनवरून काढलं, की तलाव कधी आटला होता ते कळतं. लोणारने दोन दीर्घ कोरडे कालखंड दाखवले: आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी.

इनामगावची पडझड या दोन्हींच्या मधे येते. शिवाय दुसऱ्या कोरड्या कालखंडात महाराष्ट्रात वाकाटक, राष्ट्रकूट आणि यादव नांदले. अजिंठ्याची बरीच लेणी आणि वेरूळचं कैलास त्याच काळातलं. लोणार घोडेच्या खोऱ्यापासून दूर आहे, आणि ओळीने पडलेले चार-पाच दुष्काळ गाळात उमटतीलच असं नाही. त्यामुळे ढवळीकर खोटे ठरत नाहीत. पण त्यांचा ठामपणा टिकत नाही. इनामगावच्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनीही २०११च्या पुस्तकात हवामानाचं हे सरळ स्पष्टीकरण अपुरं मानलं आहे.

हा वाद फक्त अभ्यासकांचा नाही. ‘पाऊस गेला, गाव गेलं’ या वाक्यात कुणीच जबाबदार नसतं. जमीन किती वापरली, पाटाचं पाणी आधी कुणाच्या रानात गेलं, कोठाराची किल्ली कुणाकडे होती, हे प्रश्नच उरत नाहीत. इनामगावात गावप्रमुखाचं म्हणून ओळखलेलं पाच खोल्यांचं घर कोठाराला लागूनच सापडलं. हे ढवळीकरांनीच आपल्याला सांगितलं, आणि मग त्या घराकडे पाठ करून ते आभाळाकडे बघत राहिले. कालव्याच्या शेपटाला जमीन असलेल्या माणसाला त्या घराचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळाच्या वर्षीही कालव्याच्या तोंडाशी ऊस उभा असतो, हे त्याने पाहिलेलं असतं.